दोन वैद्यांचा एक रोगी

मोठ्या नावाचा रोग घरात शिरला की घराचे दोन पक्ष होतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. एक पक्ष म्हणतो, डॉक्टर सांगतील तेवढेच करावे. दुसरा म्हणतो, आपल्या पूर्वजांनी एवढे ग्रंथ काय उगाच लिहून ठेवले? रोगी बिचारा अंथरुणावर पडून दोहोंचे ऐकत असतो. आमच्या नगरास (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण जिभेची जुनी सवय लवकर सुटत नाही) हा वाद अधिकच घरगुती होतो. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी येथे १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. तेव्हापासून शास्त्र शिकलेला वैद्य हा आम्हां नगरकरांचा शेजारीच होऊन बसला आहे.

२०२२ साली आमच्या मेहुण्यांस यकृताचा कर्करोग असल्याचे निश्चित झाले. राहुरीकडील शेतकरी गृहस्थ. दारूस आयुष्यात कधी शिवले नाहीत. परंतु हिपॅटायटिस बी या काविळीचे विषाणू त्यांच्या रक्तात कित्येक वर्षे मुक्कामाला होते, आणि त्याची दाद खुद्द त्यांनाही नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले की, हा रोग बहुधा निरोगी यकृतावर येत नाही. आधी यकृत वर्षानुवर्षे झिजून कठीण होते आणि मग त्यात गाठ उपजते. म्हणजे एका रोग्यात दोन रोग! गाठीवर घाव घालायचा, तर तो सोसण्याइतके बळ उरलेल्या यकृतात आहे की नाही, हे प्रथम पाहावे लागते. मेहुण्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. गाठीला रक्त पुरविणाऱ्या नाडीत औषध सोडून ती नाडी बंद करण्याचा उपाय झाला, आणि पुढे सोराफेनिबच्या गोळ्या सुरू झाल्या.

या गोळीचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका महिन्याच्या गोळ्यांना पूर्वी सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. तेव्हा कुठे ती आमच्यासारख्यांच्या घरी पोहोचू शकली. परंतु तिचे सामर्थ्यही मर्यादितच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, गोळी न घेणाऱ्या रोग्यांचे मध्यम आयुर्मान ७.९ महिने, तर घेणाऱ्यांचे १०.७ महिने भरले. २०२० नंतर आलेली नवी इंजेक्शने अधिक गुणकारी ठरली आहेत. पण त्यांचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. आधुनिक शास्त्राच्या ओंजळीत जेथे तीन महिन्यांचे दान पडते, तेथे रोग्याच्या बायकोने दुसऱ्या दाराशी पदर पसरला, तर तिला अडाणी कोण म्हणेल?

आमच्या ताईने तो पसरला. महिन्याभरात तिच्या फडताळात काढ्यांच्या बाटल्या, चूर्णांच्या पुड्या आणि नाव नसलेल्या गोळ्या अशी अकरा औषधे जमली. प्रत्येकाबरोबर कुणा ना कुणाच्या बऱ्या झालेल्या मामांची गोष्ट होती. आम्ही ती सगळी पिशवीत भरून नगरातील आमच्या परिचयाच्या वृद्ध वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडीला हात लावण्यापूर्वी पुण्याचे कागद मागितले, ते तासभर वाचले, आणि पिशवीतील नऊ औषधे बाजूला सारली.

“ताई, प्रत्येक औषध यकृतातूनच जाते. थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकायची का?”

गुळवेल त्यांनी काढून टाकली, तेव्हा ताईस नवल वाटले. वैद्यांनी सांगितले की, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण अगोदरच दुखावलेल्या यकृतावर परीक्षा कशाला पाहावी? आरोग्यवर्धिनी हे यकृताचे नावाजलेले औषध. तिच्यात कुटकीबरोबर पारा, गंधक आणि ताम्रभस्मही पडते. म्हणून तीही नको. भुईआवळीची कथा तर बोधप्रद आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी च्या वाहकांस ती तीस दिवस दिली. घेणाऱ्यांपैकी शेकडा ५९ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली, न घेणाऱ्यांत शेकडा ४ जणांचीच. ज्यांना या विषाणूच्या शोधाबद्दल १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते ब्लूमबर्गही या संशोधनात सहभागी होते. आशा केवढी वाढली असेल! परंतु पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तो गुण पुन्हा दिसला नाही.

मग वैद्यांनी दिले काय? दिले ते थोडे, पण उपयोगाचे. पोटात पाणी होऊ लागले तेव्हा मीठ तोडले. डॉक्टरांनीही तेच सांगितले होते, आणि चरकाने जलोदरात पाणी काढल्यानंतर बिनमिठाची पेज सांगितली आहे, हे वैद्यांनी पोथी उघडून दाखविले. उपासतापास बंद केले; निजण्यापूर्वी थोडे खाणे लावून दिले. गोळ्यांमुळे तळवे सोलवटून चालणे अशक्य झाले, त्यावर लावावयास शतधौत घृत दिले. या साऱ्याची एक चिठ्ठी लिहून ती पुण्याच्या डॉक्टरांस दाखविण्यास बजावले. डॉक्टरांनी ती हसण्यावारी न नेता वाचली आणि आपल्या कागदांत लावून ठेवली. गाठ त्यामुळे तसूभरही कमी झाली, असे आम्ही म्हणणार नाही. पण मेहुणे त्या दिवाळीस आपल्या पायांनी मळ्यात जाऊन आले.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. दोन उपचार एकत्र नांदू शकतात. मात्र दोघांनाही एकमेकांचे सर्व ठाऊक असले पाहिजे, आणि गाठीविषयीचा अंतिम शब्द एकाचाच असला पाहिजे. रोगी काढा लपवितो, कारण त्याला डॉक्टरांच्या रागाचे भय वाटते. आणि मग कावीळ वाढली की ती रोगाची, गोळीची की काढ्याची, हे कुणालाच उमगत नाही. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न डॉक्टरांनी कपाळाला आठी न घालता विचारावा. वैद्यांनीही आपल्या परंपरेचे स्मरण ठेवावे. गुल्माच्या ज्या अवस्थेत शस्त्राचे काम पडते, तेथील अधिकार धन्वंतरीच्या संप्रदायाकडे असल्याचे खुद्द चरकाने सांगितले आहे. आपल्या विद्येची सीमा ओळखून रोगी दुसऱ्याच्या हाती सोपविणे, हा जुन्या शास्त्राचाच धर्म होय.

मेहुणे चौदा महिन्यांनी गेले. तेराव्यानंतर वैद्य घरी आले ते एकच काम घेऊन: घरातील सर्वांची हिपॅटायटिस बी ची तपासणी करा, आणि ज्यांना बाधा नसेल त्यांनी लस टोचून घ्या. हा विषाणू पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून मुलाकडे येतो. राष्ट्रीय लसीकरणात आज नवजात बालकास चोवीस तासांच्या आत ही लस देतात. मेहुण्यांच्या पिढीस ती मिळालेली नव्हती. तपासणीत त्यांचे धाकटे बंधू बाधित निघाले. ते आता डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घेतात, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करवून तिचा कागद प्रथम वैद्यांस दाखवितात.