अक्षरं गाळता गाळता हक्कही गळतो

पोस्ट मोठी झालीय. निवांत असाल तेव्हा वाचा. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

कॉलेज रोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी शटर ओढायच्या वेळेला एक मुलगी आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, "दादा, एक मेल पाठवायचाय. दोनदा पाठवला, कुणी उत्तरच देत नाही."

तिची शिष्यवृत्ती आली नव्हती. कॉलेज म्हणत होतं, आधी फी भरा, मग परीक्षेचा फॉर्म. फॉर्मला चार दिवस राहिलेले. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. चार दिवसांत एवढी रक्कम कुठून आणणार?

मी म्हटलं, आधीचे मेल दाखव. तिने मोबाइल पुढे केला. इंग्रजीत दीड ओळ. 'स्कॉलरशिप'मधले सगळे स्वर उडालेले. 'प्लीज'चं पी-एल-झेड. 'यू' एका अक्षरात, 'आर' एका अक्षरात. अर्थ एवढाच की सर, माझी स्कॉलरशिप आली नाही, लवकर करा. खाली नाव नाही, अर्ज क्रमांक नाही, कॉलेज नाही, वर्ष नाही. दुसरा मेलही तोच, फक्त शेवटी हात जोडल्याची तीन चिन्हं जास्त.

आता यावर हसणं सोपं आहे. 'आजकालच्या पोरांना धड एक वाक्य लिहिता येत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी टाकलेलं आहे. मी मात्र हसलो नाही, कारण तो मेल मला ओळखीचा वाटला. वीस वर्षांपूर्वी मी अगदी तसाच लिहीत होतो.

मी पूर्ण मराठी माध्यमाचा. कॉलेजात असताना पहिला मोबाइल हातात आला, बटणांचा. एका बटणावर तीन-चार अक्षरं. 'यू' हा शब्द पूर्ण स्पेलिंगने लिहायचा तर आठ वेळा बटण दाबावं लागायचं, नुसतं यू अक्षर लिहिलं तर दोनदा. मेसेजची मर्यादा १६० अक्षरांची. देवनागरीत लिहिलं तर तीच मर्यादा ७० वर यायची आणि समोरच्याच्या मोबाइलवर चौकोन उमटतील की अक्षरं, याचा भरवसा नसायचा. त्यात सणासुदीला मेसेजचा पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजचे पूर्ण पैसे कापले जायचे. तेव्हा शब्द तोडणं ही काटकसर होती. आपल्याकडे काटकसरीला कुणी नावं ठेवत नाही.

पण खरं सांगायचं तर माझं कारण काटकसर नव्हतं. माझं कारण भीती होतं.

वर्गात चार पोरं इंग्रजी माध्यमातून आलेली. त्यांच्यासमोर इंग्रजी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. मेसेजमध्ये मात्र आम्ही सगळे सारखे. तेही तोडून लिहायचे, मीही तोडून लिहायचो. अर्ध्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं की नाही हे कोण सांगणार? क्रियापदच गाळलं तर काळ चुकणार कसा? तुटक इंग्रजीत माझं कच्चं इंग्रजी मस्त लपून जायचं. मला वाटायला लागलं, जमलं की आपल्याला!

मग पदवी झाली आणि पुण्याला नोकरीसाठी गेलो. एका कंपनीत मुलाखतीआधी कोरा कागद हातात दिला. तुम्हाला ही नोकरी का हवी, दहा ओळी इंग्रजीत लिहा. मी पेन उचललं आणि पहिल्याच ओळीत अडकलो. 'बिकॉज'चं स्पेलिंग आठवेना. आठवायचं ते फक्त बी-सी-ओ-झेड. दोन वर्षं रोज हेच लिहिलेलं. पूर्ण शब्द कधीतरी शाळेत पाठ केला असेल, पण हाताला तो माहीतच नव्हता. चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या. बाईंनी कागद पाहिला, काही बोलल्या नाहीत, हसून 'कळवतो' म्हणाल्या. मला काय ते कळलं.

त्या दिवशी एसटीत बसून जे डोक्यात आलं ते आज लिहितोय. त्या चार पोरांचं आणि माझं तुटक इंग्रजी दिसायला एकच होतं, पण एकच नव्हतं. त्यांच्याकडे आधी आख्खा शब्द होता, मग त्यांनी तो तोडला. वेळ आली की त्यांना तो परत जोडता यायचा. माझ्याकडे तुकडाच पहिल्यांदा आला होता. जोडणार काय?

डेव्हिड क्रिस्टल नावाचे एक ब्रिटिश भाषातज्ज्ञ आहेत. त्यांनी २००८ साली मेसेजच्या भाषेवर आख्खं पुस्तक लिहिलं. शब्द तोडून लिहिणं ही काही मोबाइलने आणलेली साथ नाही, माणसं पूर्वीपासून असं लिहीत आली आहेत आणि याने भाषा बुडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खरंच असेल. पण ते ज्या मुलांबद्दल बोलत होते, त्यांच्या घरात इंग्रजी होतं. आपल्या पोरांच्या घरात ते नाही. आपल्याला हिशोब वेगळा मांडावा लागेल.

आणि तोडून लिहिण्याचं आपल्यालाही वावडं नाही हो. आजोबांचं पोस्टकार्ड आठवा. वर 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. 'चि.', 'ती.', 'सौ.', शेवटी 'ता. क.', पत्त्यात 'मु. पो.'. ही सगळी संक्षेपच. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून नमस्कार आखडता घेतला. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक, लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही त्याचा पूर्ण अर्थ ठाऊक असायचा. दुसरी, नमस्कार आखडता असला तरी मजकूर आखडता नसायचा. गाय कधी व्याली, सोयरीक कुठे ठरली, पैसे किती पाठवले, सगळं सविस्तर. तारेचंही तसंच. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून माणूस शब्द मोजून लिहायचा, पण कोण, कुठे, कधी हे सुटू द्यायचा नाही. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली, तिच्याबरोबर ती शिस्तही गेली.

आता उलटं झालंय. अक्षरं गाळायची सवय लागली की हळूहळू माहितीही गळते. त्या मुलीच्या मेलमधून स्वर गेले, मग शब्द गेले, आणि शेवटी अर्ज क्रमांकही गेला.

मी तिला म्हटलं, "मोबाइल बाजूला ठेव. काय झालंय ते मला तोंडी सांग. मराठीत."

आणि ती बोलायला लागली. दोन-तीन मिनिटं, न अडखळता. अर्ज कधी भरला, क्रमांक काय, कॉलेजकडून तो पुढे कधी गेला, पहिला हप्ता कधी आला, दुसरा कुठे अडकला. बोलता बोलता तिनेच सांगितलं की शाळेत असताना दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं, आधार त्याला जोडलेलं होतं, आणि ते खातं कित्येक वर्षं वापरलेलंच नाही. मी टाइप करता करता थांबलो. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात. घोळ बहुतेक तिथेच होता!

म्हणजे बघा, पोरीकडे सगळं होतं. तारखा, आकडे, मुद्दे, सगळं. फक्त ते तिच्या मराठीत होतं, आणि मेल म्हणजे इंग्रजीतच लिहायचा असतो असं तिच्या डोक्यात बसलेलं. इंग्रजी येत नाही, मग तुटक लिहायचं. मी विचारलं, "अगं, मराठीत का नाही लिहिलंस?" म्हणाली, "मराठीत मेल चालतो का दादा?"

या प्रश्नाने मला खरा धक्का बसला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. राज्याची राजभाषा मराठी. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. एवढे कायदे होऊनही आपल्या तालुक्यातली पदवीला बसलेली मुलगी विचारते, मराठीत चालतं का?

ती सांगत गेली तसं मी मराठीत टाइप केलं. विषय, अर्ज क्रमांक, घटनाक्रम, विनंती काय, खाली पूर्ण नाव. एकही शब्द तोडला नाही. सहाव्या नाही, दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: आधार जुन्या खात्याशी जोडलेलं आहे, नव्या खात्याशी जोडून घ्या, हप्ता परत पाठवता येईल. ते उत्तर छापून तिने कॉलेजात दाखवलं आणि फॉर्म भरून घेतला गेला. पैसे अजून आलेले नाहीत. आले की कळवीन.

कुणी म्हणेल, पहिल्या दोन मेलना उत्तर द्यायला काय झालं होतं त्यांना? 'अर्ज क्रमांक कळवा' एवढे तीन शब्दही पुरले असते. अगदी बरोबर. ती जबाबदारी त्यांचीच होती आणि त्यांनी ती टाळली. पण अपुरा मेल हे उत्तर न देण्याचं आयतं निमित्त असतं, हे दुकानात बसून मी रोज बघतो. ते निमित्त आपण त्यांच्या हातात का द्यायचं?

मित्रांच्या ग्रुपवर खुशाल तोडा शब्द. मीही तोडतो, माझ्या बायकोला मी 'ओके'सुद्धा एका अक्षरात पाठवतो आणि त्यावरून बोलणी खातो. पण जिथे पैसा, परीक्षा, नोकरी, पाणी, रस्ता अडलाय, तिथे पूर्ण लिहा. इंग्रजी येत असेल तर पूर्ण इंग्रजीत. येत नसेल तर लाजू नका, पूर्ण मराठीत. अर्धं इंग्रजी लिहिण्यापेक्षा आख्खं मराठी केव्हाही भारी.

आणि जमत नसेल तर दुकानावर या. मराठी अर्ज टाइप करायचे पैसे मी विद्यार्थ्यांकडून घेत नाही, इथून पुढेही घेणार नाही. फक्त येताना अर्ज क्रमांक आणा!