दोष आणि दोषस्थान

संहितेतील दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, ही पाठचिकित्सेची निदान आरंभीची धारणा असते. संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या ‘टेक’ या प्रणालीच्या बाबतीत ती फार काळ टिकत नाही. डोनाल्ड कनूथ यांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी ही प्रणाली रचावयास घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढच्या दशकात ‘लाटेक’ उभारले. आणि टिल टांटाऊ यांनी २००३ मध्ये स्वतःच्या पीएच.डी.च्या सादरीकरणासाठी स्लाइड तयार करण्याचे ‘बीमर’ त्यावर रचले. बीमरचा जन्मच प्रबंधाच्या परीक्षेसाठी झाला, हे पुढील हकिकतीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कोशरचनेवर प्रबंध लिहिलेल्या मराठीच्या एका संशोधिकेने मौखिक परीक्षेसाठी बीमरमध्ये ४० स्लाइड केल्या. परीक्षेला तीन दिवस होते. फाइल कंपाइल करावयास दिली तेव्हा यंत्र थांबले. फाइल संपली, पण वाचावयास घेतलेला मजकूर काही पुरा झाला नाही, अशी त्याची तक्रार होती आणि ती फाइलच्या अगदी अखेरीस नोंदवलेली होती. शेवटच्या स्लाइडवर आभाराच्या दोन ओळी होत्या. त्या दोन ओळी तिने किती वेळा तपासल्या असतील! त्यांत काहीच नव्हते.

दोष होता अकराव्या स्लाइडच्या शीर्षकात. कोशातील एका शब्दवर्गाचे प्रमाण देताना तिने आकड्यापुढे टक्क्याचे चिन्ह टंकले होते. ‘टेक’च्या लेखी हे चिन्ह टक्केवारीचे नव्हे, त्याच्यापुढे ओळीत जे काही येईल ते लेखकाचे खाजगी टिपण समजावे, वाचू नये, असा त्याचा संकेत आहे. शीर्षक बंद करणारा महिरपी कंस त्याच ओळीत पुढे होता, तो असा अदृश्य झाला. बीमर तर प्रत्येक फ्रेमचा मजकूर आधी सबंध गोळा करते आणि मग त्याचा अर्थ लावते. न मिटलेल्या कंसाची जोडी शोधत ते उरलेल्या २९ स्लाइड गिळत फाइलच्या टोकाशी जाऊन पोचले. चिन्हापूर्वी एक उलटी तिरपी रेघ दिली असती, तर हे काहीच घडते ना.

येथे एक बाब विशेष लक्षणीय वाटते. तक्रारीच्या वाक्याच्या वर, पळत सुटलेल्या मजकुराचे पहिले काही शब्द यंत्राने छापले होते, आणि ते अकराव्या स्लाइडचेच होते. संशोधिकेने ते पाहिले. पण आपलेच शब्द आहेत म्हणून ओलांडले. स्वतःच्या वाक्याकडे पुरावा म्हणून पाहणे कठीण असते. अखेर तिने निम्म्यांनिम्म्यांचा मार्ग धरला. विसाव्या स्लाइडनंतर दस्तऐवज संपवला, तक्रार कायम. दहाव्यानंतर संपवला, तक्रार नाही. अशा रीतीने ४० स्लाइडमधून सदोष स्लाइड गाठावयास फार तर सहा खेपा पुरतात. दोष इतका दूर पळालेला नसला, तरीही बीमर बहुधा फ्रेम जेथे संपते त्या ओळीचाच क्रमांक सांगते. तो क्रमांक दोष कोठे जाणवला याचा असतो, कोठे घडला याचा नव्हे. ‘टेक’ याबाबतीत प्रांजळ आहे. अडल्यावर त्याच्याकडे पुन्हापुन्हा मदत मागितली, तर एखाद्या माणसाला विचारून पाहा असे ते सुचवते, आणि आपल्या लक्षात येण्याआधीच चूक होऊन गेली असेल, अशी कबुलीही देते.

दुसरी अडचण अधिक उद्बोधक होती. कोशातील एक नोंद संगणकासाठी कशी चिन्हांकित केली हे तिला जसेच्या तसे दाखवावयाचे होते. त्यासाठी ‘व्हर्बेटिम’ हे साधन आहे. पण बीमरच्या फ्रेममध्ये ते घालताच पुन्हा तक्रार. पाणिनीच्या व्याकरणात शब्द आपल्या स्वतःच्या रूपाचा बोध करतो, पारिभाषिक संज्ञा तेवढ्या अपवाद, असा दंडक आहे. ‘टेक’मध्ये प्रत्येक वर्ण वाचला जाताच १६ वर्गांपैकी एकात पडतो, आणि मग त्याचा वर्ग बदलत नाही. रूप हेच रूप म्हणून दाखवावयाचे, तर वाचनापूर्वीच वर्ग बदलावे लागतात. व्हर्बेटिम तेच करते. पण फ्रेमचा मजकूर आधीच वाचून झालेला असतो. लेखिकेचा हेतू येथे निरुपयोगी ठरतो. विम्साट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये काव्यसमीक्षेतून हेतूला बाहेर काढले. या यंत्राने त्याला कधी आत घेतलेच नव्हते. उपाय मात्र लहान आहे. फ्रेमला ‘फ्रॅजाइल’ म्हणून जाहीर केले, की बीमर तिचा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहून ठेवते आणि तेथून नव्याने वाचते. अट एवढीच की फ्रेम संपवणारी आज्ञा स्वतंत्र ओळीवर, एकटी असावी.

मग सारे निर्वेध पार पडले. तक्रार नाही, ४० स्लाइड हजर. नोंदीच्या स्लाइडवर मात्र रोमन खुणा तेवढ्या उमटल्या होत्या. ज्या मराठी शब्दासाठी ती नोंद होती तो शब्दच नव्हता. मुख्य मजकुराचा फाँट तिने देवनागरी निवडला होता. व्हर्बेटिम समान रुंदीचा निराळा फाँट वापरते, आणि त्यात देवनागरी वर्ण नव्हते. यंत्राने हे नोंदवहीत एका ओळीत लिहून ठेवले होते. ते त्याच्या दृष्टीने थांबण्याजोगे नव्हते. कोशकाराच्या दृष्टीने याहून मोठा दोष कोणता असू शकेल, हे सांगणे अवघड आहे.

तिने त्या फाँटच्या जागी देवनागरी असलेला फाँट योजला. शब्द आला, पण जोडाक्षरे सुटी आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी. कारण फाँटबरोबर लिपीचे नाव सांगावयाचे राहिले होते. तेही सांगितले. परीक्षेच्या आदल्या रात्री नोंदवही मिटून ती पहिल्या स्लाइडपासून एकेक शब्द वाचत बसली.