मामाचे पैसे

भाच्याने जुनी मारुती ८०० घेतली. तिचे ७९६ सी.सी.चे इंजिन आता त्याला पुरेना. तिथे १२९८ सी.सी.चे बसवायचे, आणि पैसे अर्थातच मामाने द्यायचे! (मामा असतात कशाला?)

मी त्याला मिनीची हकीकत सांगितली. १९५९ सालच्या त्या चिमुकल्या इंग्रजी मोटारीचे इंजिन ८४८ सी.सी.चे. १९६१ मध्ये जॉन कूपरच्या आग्रहाने तिला ९९७ सी.सी.चे मिळाले, अश्वशक्ती ३४ची ५५ झाली. लोकांना एवढेच आठवते. पुढच्या चाकांना त्याच वेळी डिस्क ब्रेक लावले, त्याचे नाव कोण काढतो?

"मामा, ब्रेकचं मागाहून बघू."

"आणि आर.टी.ओ.ची परवानगी?"

भाचा गप्प. मी ब्रेकांपुरते पैसे मोजून दिले.