आवळण्याआधीची फट

टॉर्क रेंचचा ‘टक्’ आवाज आला की नव्या तंत्रज्ञाला काम झालंसं वाटतं. मी त्याला पुढच्या बोल्टला लगेच हात लावू देत नाही. रेंचवर लावलेल्या जोरातला साधारण नऊ-दशांश भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणतो. त्यामुळे आकडा तोच असला तरी कोरडा नट सांधा कमी दाबतो, वंगण असलेला जास्त. कारखान्यातून वंगणाचा थर घेऊन आलेल्या नटाला कुणी वरून तेलाचं बोट लावलं, तर हिशेबच बिघडतो.

इथे अल ऐनला, विमानतळाशेजारी, स्ट्राटाचा कारखाना २०१० पासून विमानांचे कंपोझिट भाग बनवतो. त्यात बोइंग ७८७ च्या उभ्या शेपटीच्या फासळ्याही आल्या. या विमानाचं निम्मं वजन कंपोझिटचं आहे. कंपोझिट म्हणजे रेझिनने एकत्र धरलेले कार्बनच्या तंतूंचे थर. तंतूंची ताकद थराच्या प्रतलात असते. दोन थरांना धरून ठेवतं ते फक्त रेझिन. बोल्ट नीट आवळला की भोकाभोवतीचे थर दाबलेले राहतात, फुगून सुटत नाहीत, आणि सांधा नुसत्या बोटांनी आवळलेल्या बोल्टपेक्षा बराच जास्त भार पेलतो. फार आवळलं, तर तेच रेझिन चिरडतं. शिवाय ते काळानुसार हळूहळू दबतं, उष्णतेत अधिक, आणि बोल्टचा ताण उतरतो. म्हणून तपासणीच्या दिवशीचा ताण कायम राहील असं धरून मी चालत नाही. ऑगस्टच्या उन्हात विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाकडे पाहताना मला हे हटकून आठवतं.

पण माझी खरी काळजी फटीची. दोन भाग एकमेकांवर पुरते बसले नाहीत, तर बोल्टने ओढून ती फट मिटवण्याचा मोह होतो. अॅल्युमिनियम थोडं वाकून सांभाळून घेतं. कंपोझिटमध्ये तो वाक थरांना एकमेकांपासून सोलू पाहतो. २०१० साली ७८७ च्या इटलीहून आलेल्या आडव्या शेपट्यांमध्ये शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पट्ट्या, नीट बसवल्या नव्हत्या आणि त्यावर बोल्ट आवळले गेले होते. बोइंगला सगळ्या विमानांची तपासणी करावी लागली. बोल्ट सैल होते म्हणून नव्हे, तर फट तशीच ठेवून ते आवळले होते म्हणून.

आधी फीलर गेजने फट मोजायची, मग शिम. द्रवरूप शिम उष्णतेत लवकर घट्ट होते, तेव्हा हाताशी वेळ थोडाच असतो. ती पुरती कडक होईपर्यंत थांबणं मात्र टाळता येत नाही. फटीची नोंद नसेल, तर टॉर्कचे आकडे कितीही बरोबर असोत, त्या सांध्यावर मी सही करत नाही.