अंदाजपत्रक

न आलेल्या वस्तूची किंमत सांगण्यात एक वेगळीच मजा असते. आलेल्या वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिथे आपले काही चालत नाही. पण वस्तू अजून यायची असली, म्हणजे तिच्या किमतीवर बोलण्याचा अधिकार कोणालाही पोहोचतो. खिशात एका चहापुरते पैसे असले तरी चालते. सध्या पैठण गेटजवळच्या एका टपरीवर आम्ही चार-पाच जण हा अधिकार रोज बजावीत असतो. विषय एकच. व्हिडिओसाठी म्हणून खास घडवलेला नवा कॅमेरा येणार आहे म्हणतात. तो कितीला पडेल?

आमच्या या मंडळात लग्नाचे शूटिंग करणारे आमचे उस्ताद आहेत, त्यांचे दोन मदतनीस आहेत, एक अल्बम छापणारा आहे, आणि लग्नसराईत उस्तादांच्या मागे दिव्याचा स्टँड धरून फिरणारा मी आहे. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी बीड बायपासवरची मंगल कार्यालये, असा माझा अभ्यासक्रम. एका लग्नाचे मला सातशे रुपये मिळतात, शिवाय जेवण.

वाचक विचारतील, फोटोच्या कॅमेऱ्यातही व्हिडिओ निघतोच की! मग हा वेगळा कशाला? त्यांनी मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला आमच्याबरोबर यावे. मंगलाष्टके संपत आलेली, लोकांच्या मुठीत शेवटच्या अक्षता, आंतरपाट आता खाली येणार, आणि नेमक्या त्या घटकेला कॅमेरा तापून डोळे मिटतो! नवऱ्या मुलाला पुन्हा उभे करता येईल. मुहूर्ताला कसे करणार? व्हिडिओसाठी घडवलेल्या कॅमेऱ्यांत म्हणूनच पुष्कळदा आत एक छोटा पंखा बसवलेला असतो, आणि ते तासन् तास चालतात. डोळा लावून बघायची खिडकी त्यांत बहुधा नसतेच. पडद्यावर पाहायचे आणि काम करीत राहायचे.

आता अंदाजाचे शास्त्र सांगतो. आधी थोरल्या भावंडांच्या किमती पाहायच्या. सोनीचा एफएक्स३० सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे १,८०० डॉलरला आला. नायकॉनचा झेडआर सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे २,२०० डॉलरला आला. तेव्हा येणाराही २,२०० चा धरू. झेडआर आला तेव्हाचा डॉलरचा भाव अदमासे ८८ रुपये. म्हणजे १,९३,६०० रुपये झाले. इथे उतावळे लोक थांबतात आणि फसतात. अमेरिकेत जी किंमत सांगतात तीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडच्या छापील किमतीत मात्र सारे कर धरलेले असतात. तेव्हा १८ टक्के जीएसटी मिळवायचा. (पूर्वी तो २८ टक्के होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो खाली आणण्याचे ठरले, एवढे सरकारचे उपकार.) बेरीज झाली २,२८,४४८.

त्यावर आयात शुल्काचा प्रश्न राहतोच. या बाबतीत मला एक गमतीची गोष्ट वाचायला मिळाली. फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्याला सीमाशुल्कात सवलत होती. पण २०१२ च्या अधिसूचनेने तीत एक मेख मारली. ठरावीक दर्जाचे चित्रण सलग ३० मिनिटे करू शकणारा कॅमेरा सवलतीबाहेर! म्हणजे एकोणतीस मिनिटे चालला तर तो फोटोचा, तिसाव्या मिनिटालाही चालू राहिला तर व्हिडिओचा. या व्याख्येतून उठलेला मोठ्या कंपन्यांचा आणि सीमाशुल्क खात्याचा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मार्च २०२१ मध्ये त्यात एक निकालही लागला. आमच्या लग्नातली मंगलाष्टके किती वेळ चालतात हे दिल्लीच्या अधिकाऱ्यांना कोणी सांगितले नसावे.

कॅमेऱ्याच्या किमतीपायी मराठी माणसाची झोप उडण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी लंडनहून २१ गिनी किमतीचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये ठरलेल्या पौंडाला १५ रुपये या दराने हे सुमारे ३३० रुपये होतात. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर किमतीचा अंदाज बांधीत न बसता सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेराच बांधला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. आमच्या टपरीवर अद्याप तेवढी मजल गेलेली नाही.

उस्तादांचे म्हणणे असे की, कंपनी काही माझ्यासारखी बेरीज करून किंमत लावीत नाही. ती आधी गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज घेते. “आकडा कोणता बी असू दे, शेवटी ९९० असतंयच बघ,” असे ते म्हणतात. दोन लाखांच्या आत आला तर घ्यायचा, नाहीतर अजून एक लग्नसराई जुन्यावर काढायची, असे त्यांनी ठरवले आहे.

आणि इथेच या करमणुकीत माझा जीव अडकला आहे. नवा घेतला की जुना ते मला साठ हजारांना देणार आहेत. तो फोटोचाच आहे आणि उन्हात तापतो, हे मला ठाऊक आहे. त्याचे बिलही मी पाहिले आहे. त्यावर गावाचे नाव औरंगाबाद आहे, माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावर छत्रपती संभाजीनगर. पण तो हाती आला तर मी दिव्याचा स्टँड खाली ठेवीन. नव्या कॅमेऱ्याची किंमत मी रोज मोजतो ती नवा घेण्यासाठी नव्हे. त्याच्या किमतीवर जुन्याचे सुटणे अवलंबून आहे, आणि जुन्यावर मी.

गावी आईला मी नव्या कॅमेऱ्याचा आकडा सांगितला. ती म्हणाली, “इतक्यात दोन म्हशी येतील. कॅमेरा काय दूध देतो व्हय?” तिचे माप चुकीचे आहे असे मला वाटत नाही. मीही मग तिच्याच पद्धतीने हिशेब करून पाहिला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे तो कॅमेरा झाला २८ क्विंटल कापसाचा, आणि जुना साडेसात क्विंटलचा.

आमच्या मधल्या घरात सध्या बारा क्विंटल कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवलेला आहे. त्याच्या कडेला झोपले की रात्रभर अंग खाजते, उंदीर होतात, आणि सुकून वजन घटते ते वेगळेच. दिवाळीच्या सुमारास आलेला व्यापारी हमीभावाहून बराच खाली मागत होता, म्हणून आप्पांनी तो ठेवून दिला. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो आकडा गावात अजून कोणी विसरलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि डिसेंबरअखेरपर्यंत ते उठलेलेच ठेवले, तेव्हा आप्पांचा अंदाज आणखी लांबला. एका वस्तूवर शुल्क बसले म्हणून ती मला महाग, दुसरीवरचे शुल्क उठले म्हणून ती आप्पांची स्वस्त!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यातून माझा एक विषय अर्थशास्त्र. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की आप्पा चहाचा कप खाली ठेवून विचारतात, “तू शिकायलास तिथं. सांग बरं, भाव वाढंल का?” परदेशात तयार होणाऱ्या वस्तूची किंमत डॉलर, कर, शुल्क धरून रुपयापर्यंत सांगणारा मी, मधल्या घरातल्या कापसाचे काय होईल ते सांगू शकत नाही. कॅमेऱ्याची कंपनी ठरल्या दिवशी आपल्या मालाची किंमत स्वतः जाहीर करील आणि आमचा टपरीवरचा वाद मिटेल. आप्पांना मात्र आपल्याच मालाबद्दल दुसऱ्याला विचारावे लागते, “काय भाव देता?” हा फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकात पुरवठा आणि मागणी या प्रकरणात आहे. तिथे तो दोन रेषांचा दिसतो.

साठ हजारांचा आकडा मी आप्पांना अजून सांगितलेला नाही. ते नाही म्हणतील अशी भीती मुळीच नाही. सांगितला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेम्पो बोलावतील, आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला मधले घर रिकामे करतील. म्हणून माझे सातशे-सातशे रुपये साठवणे चालू आहे. एवढा एकच अंदाज माझा पक्का आहे, आणि तो खरा ठरू नये म्हणून मी गप्प आहे.