ओसरत्या पाण्याचा काठ

बीडहून गेवराईमार्गे निघालं की शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडायची आणि पैठणची वाट धरायची. ज्या धरणाकडे ही वाट जाते, त्याचं नाव बीड जिल्ह्यातल्याच एका गावाचं आहे. हैदराबाद राज्याच्या काळात धरण जायकवाडीला बांधायचं घाटत होतं. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला गेली, नाव तेवढं राहिलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं आणि १९८६ साली त्याचा जलाशय, नाथसागर, पक्षी अभयारण्य झाला. शेतीसाठी अडवलेलं पाणी दहा वर्षांत पाखरांचं कसं झालं? माझ्या मते त्याचं उत्तर पाणी साठण्यात नाही, ओसरण्यात आहे. इथलं पात्र पसरट, उथळ. उजवा कालवा माजलगावच्या धरणाकडे, म्हणजे बीडच्या रानाकडे धावू लागला की पातळी उतरते आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. किडे, शिंपले, पाणवनस्पतींची मुळं, सारं त्यातच. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक आणि त्यांच्यासोबत रोहित हिवाळाभर या उथळ पाण्यावर आणि आसपासच्या रानावर जगतात.

म्हणूनच ‘माणसाला पाणी पुरेना, तिथे पाखरांचे लाड कशाला?’ हा सवाल मला चुकीचा वाटतो. पाखरं कालव्याच्या वाट्यातलं पाणी मागतच नाहीत. खरा पेच गाळपेराचा आहे. धरणात ज्यांची शिवारं बुडाली, ती माणसं उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, आणि त्यांचा हक्क कुणी नाकारू नये. पण पार पाण्यापर्यंत नांगर गेला, फवारे बसले, तर तो पट्टा पाखरांना उरत नाही. सगळी गाळपेर बंद करा, असं मी म्हणणार नाही. पाण्यालगतची पट्टी आणि जलाशयातली बेटं तेवढी मोकळी सोडावीत. दुष्काळात नुसती बेटं मोकळी सोडून भागत नाही, हा आक्षेप याहून वजनदार आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यावर आला होता. पाणी इतकं उतरलं की बेटं काठाला मिळतात, आणि कुत्री, गुरं थेट वर चढतात. तशा वर्षी निदान त्या वाटांवर राखण हवी. कारण मार्च ते मे नदी सुरय याच बेटांवर अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही; वाळूत छातीने दाबून केलेला ओंजळीएवढा खळगा, आणि त्यात वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची दोन-तीन अंडी. चार पावलांवरूनही ती दिसत नाहीत.