दुसरी किल्ली



मागच्या खेपेला लोणच्याच्या बरण्यांवर लिहिलं होतं, आज विषय एकदम वेगळा आहे, मोटारीच्या किल्लीचा. घरात मोठी गाडी असो वा नसो, वाचून ठेवा. मुलांच्या, जावयांच्या गाड्या आहेतच.

आमच्याकडं एक मोठी एसयूव्ही आहे. कागदावर ह्यांच्या नावावर, म्हणून नंबर एमएच 10, सांगलीचा. पण ती असते साताऱ्याला, धाकट्या दिरांकडं, कारण धंद्याचं फिरणं त्यांचंच जास्त. गाडीबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. एक दिरांच्या खिशात, दुसरी त्यांच्या दारामागच्या खिळ्याला. बाहुबलीला पाहुण्यांना घेऊन जाऊन आले त्याच्या पुढच्या आठवड्यात ती खिळ्याला नाही असं जाऊबाईंच्या लक्षात आलं. सोफे उलटे झाले, धान्याचे डबेसुद्धा बघून झाले. नाही म्हणजे नाहीच.

मला वाटलं, किल्ली ती किल्ली, करून घ्या दुसरी. आमच्या माहेरच्या वाड्याच्या कुलपाची किल्ली पेठेतला किल्लीवाला कानस घासून दहा मिनिटांत करून द्यायचा. ह्या किल्लीचं तसं नाही. हिच्या पोटात एक चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्ली जवळ आली की गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती शक्ती मिळते. गाडी तिला एक आकडा विचारते, चिप आतल्या गुप्त खुणेनं त्याचं उत्तर काढून परत देते, आणि उत्तर जुळलं तरच इंजिन चालू होतं. युरोपात 1998 च्या सुमारास ही व्यवस्था नव्या गाड्यांना सक्तीची झाली. किल्लीतला जो गोल सेल आपण बदलतो, तो दार लांबून उघडण्यासाठी आणि बटण दाबून गाडी सुरू करताना किल्ली ओळखू येण्यासाठी. म्हणूनच सेल संपला तरी बऱ्याच गाड्यांत किल्ली ठरलेल्या जागेला, नाहीतर स्टार्टच्या बटणालाच टेकवली की गाडी सुरू होते. ती जागा गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते, एकदा बघून ठेवा. आणि त्या चपट्या डबीच्या आत लोखंडी पातं असतं, ते ओढून काढून दार उघडता येतं. आमच्या जाऊबाईंना हे चार वर्षं माहीत नव्हतं.

दिरांनी आधी सांगलीतल्याच एका चावीवाल्याकडं चौकशी करायला मला सांगितलं. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "काकू, आरसी कुणाच्या नावावर हाय?" मला तो माणूस तिथंच आवडला. जो कागद न बघता गाडीची चावी करून देतो, तो उद्या चोरालाही देईल. पुढं त्यानं सरळ सांगितलं, लहान गाड्यांच्या चिपा मी करतो, ही गाडी माझ्या मशीनला येत नाही, उगाच कॉम्प्युटर बिघडला तर मी कुठनं भरू? कंपनीच्या सेंटरलाच जा.

कंपनीचं सेंटर पुण्याला. तिथं आरसी, मालकाचं ओळखपत्र, मालक स्वतः नाहीतर त्याचं पत्र, गाडी, आणि शिल्लक असलेली प्रत्येक किल्ली एवढं सगळं न्यायचं. चेसिस नंबरवरून किल्ली मागवतात, पातं त्या नंबरच्या कोडवर कापून येतं. मग स्टिअरिंगखालच्या जोडणीला यंत्र लावून गाडीला नवी किल्ली शिकवतात. ते चाललेलं असताना बॅटरी उतरू नये म्हणून तिला चार्जर लावून ठेवतात. त्याच वेळी हरवलेली किल्ली गाडीच्या स्मरणातून पुसता येते. हे मुद्दाम मागून घ्यायचं. पुसलेल्या किल्लीनं इंजिन सुरू होत नाही. तिच्या पात्यानं दार मात्र अजूनही उघडतं, म्हणून गाडीत पैसे-कागद ठेवू नयेत. सगळ्याचा अंदाज पन्नास हजारांच्या आसपास सांगितला.

पन्नास हजार! एका किल्लीचे! दिरांचा आवाज फोनवरच बदलला.

खरा घोळ इथून पुढं झाला. साध्या मोटार विम्यात किल्ली हरवल्याचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी वेगळा हप्ता भरून किल्लीचं जादा संरक्षण घ्यावं लागतं, आणि ते आमच्या पॉलिसीत नव्हतं. पण नूतनीकरण तीन आठवड्यांवर होतं. ओळखीच्या एका एजंटानं दिरांना मार्ग सुचवला. आता गप्प बसा, नूतनीकरणात ते संरक्षण घ्या, महिनाभरानं पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा आणि मग दावा लावा. सगळेच करतात म्हणे.

पॉलिसी ह्यांच्या नावावर, म्हणजे सही ह्यांची. मसुदा व्हॉट्सअॅपवर आला तो ह्यांनी माझ्याकडं दिला, कारण आमच्या घरात कागद मी वाचते. तारीख खोटी होती ती होतीच. पण खाली लिहिलं होतं, किल्ली ड्रायव्हरकडून प्रवासात गहाळ झाली. ड्रायव्हरचं पूर्ण नाव, गावासकट.

तो पोरगा त्या आठवड्यात रजेवर होता. बाहुबलीला गाडी दिरांनीच चालवत नेली होती.

मी दिरांना फोन केला. म्हटलं, भावोजी, ह्यात त्याचं नाव कशाला? ते म्हणाले, "वहिनी, कुणाचं तरी लिहावंच लागतं. त्याला काय होतंय?" काय होतंय? उद्या खरंच गाडी चोरीला गेली तर पोलीस पहिलं दार कुणाचं वाजवतील? ज्याच्या हातून किल्ली "गेली" अशी नोंद आहे त्याचं. तो दुसरीकडं नोकरी मागायला गेला तर हा कागद त्याच्या आधी तिथं पोचेल. घरात त्याला विचारायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

दशलक्षण पर्वात बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो, दहा दिवसांत दहा. सातवा अध्याय व्रतांचा, त्यात प्रत्येक व्रताचे पाच अतिचार येतात. सत्याणुव्रताच्या अतिचारांत एक शब्द आहे, कूटलेखक्रिया. इतकी वर्षं मी त्याचा अर्थ खोटे दस्त, खोट्या वह्या एवढाच धरत होते, म्हणजे व्यापाऱ्यांचं पाप. त्या रात्री सर्वार्थसिद्धी काढून बघितली. पूज्यपाद आचार्य तिथं सांगतात की दुसरा माणूस जे बोलला नाही, ज्यानं जे केलं नाही, ते त्यानंच केलं असं फसवण्यासाठी लिहिणं म्हणजे कूटलेख. मसुदा बाजूलाच होता. ड्रायव्हरची ओळ मी दोनदा वाचली.

हे ह्यांना वाचून दाखवलं. हे फार बोलत नाहीत. म्हणाले, मी सही करत नाही.

दिरांनी मग पाच-सहा दिवस फोन केला नाही. जाऊबाईंनी केला, "धर्म तुमच्याकडं, बिल आमच्याकडं का?" म्हणाल्या. बोलणं टोचलं, पण त्यात तथ्य होतं. म्हणून निम्मे पैसे आम्ही दिले. माझ्या मते ते दान वगैरे काही नव्हतं, गाडी आमच्या नावावर आहे. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं होतं, परीक्षेत पाच मार्कांना यायचं. मी तेही दिरांना ऐकवलं. ऐकवायला नको होतं असं हे म्हणतात, मला तसं वाटत नाही.

पुण्याला हेच गेले, सांगलीहून पेठ नाक्यापर्यंत एसटीनं. तिथं तोच ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता. जुनी किल्ली पुसली, नवी शिकवली. गहाळ झाल्याची नोंदही केली, खऱ्या तारखेनं, "घरातून" एवढंच लिहून. ती नोंद लागतेच, कारण उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक का नाही ह्याचं उत्तर कागदावर असावं लागतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

नूतनीकरणाच्या वेळी दिरांनी नव्या किल्ल्यांसाठी ते जादा संरक्षण घेतलं. अटींचा कागद मला पाठवला, वर नुसतं "वहिनी, वाचा". वर्षाला किती दावे चालतात, एका दाव्याला कमाल किती रक्कम मिळते आणि नोंद किती दिवसांत करायची, ह्या तीन ओळींखाली मी पेन्सिलीनं रेघ मारून फोटो परत पाठवला. दारामागचा खिळा जाऊबाईंनी काढून टाकलाय. दुसरी किल्ली आता देवघराच्या कपाटात असते, आणि कुणी नेली, कधी आणली ते दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात. पहिली नोंद ड्रायव्हरच्या अक्षरात आहे.